बारा गावचा चहा

एखादा माणूस जग पाहिलेला, कुणाच्या हाती सहज न लागणारा असला की आपण म्हणतो, 'तो बारा गावचं पाणी प्यालेला आहे!' माझी गोष्ट जरा निराळी आहे. मी बारा गावचे पाणी मोजले आणि प्यालो तो मात्र बारा गावचा चहा. बारा ही आपली म्हणण्याची रीत. गावे प्रत्यक्षात किती झाली हे सरकारी कागदांना ठाऊक, आणि कप किती झाले हे माझ्या पित्ताला!

माझी सगळी नोकरी विहिरींच्या काठावर गेली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या नेमून दिलेल्या विहिरींत वर्षातून ठराविक वेळी टेप सोडायचा, वजन पाण्याला टेकले की 'डुबुक्' असा आवाज ऐकायचा, आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या गावाला जायचे. काम रूक्षच. पण विहीर म्हटली की तिला मालक आला, मालकाला घर आले आणि घराला चूल आली. 'पाणी मोजणारा साहेब आला' अशी वर्दी जाताच चुलीवर आधण चढे. 'नको' म्हणण्याची सोय मराठवाड्यात नाही. तिथे 'नको' याचा अर्थ 'थोडा कमी करा' इतकाच घेतात!

तेव्हा सरकारी वहीबरोबर मी एक खाजगी वहीही ठेवू लागलो. पहिलीत पाण्याची पातळी आणि दुसरीत चहाची चव. आमच्या सौभाग्यवती या दुसऱ्या वहीला 'उधारीची वही' म्हणतात. ते नाव किती खरे आहे हे मला फार उशिरा कळले. या दिवाळीला त्या वहीतली काही पाने वाचकांपुढे ठेवतो.

गुळाने केलेली फजिती

पहिले पान माझ्या स्वतःच्या हातच्या चहाचे आहे आणि ते शाईने नव्हे, लाजेने लिहिलेले आहे.

नोकरीचे पहिले वर्ष. नांदेडला एका खोलीत एकटा राहत होतो. एका रविवारी सकाळी दारात चार पाहुणे उभे! सोयरिकीसाठी मुलगा बघायला आलेले. डबा उघडला तर साखर नाही. पण गावाकडून आलेली गुळाची ढेप होती. लहानपणी आजीच्या हातचा गुळाचा चहा पोटभर प्यालो होतो, त्यामुळे धीर होता. पाणी, पत्ती, गूळ आणि दूध असे सगळे एकदमच पातेल्यात घातले आणि जाळ मोठा केला. दोन मिनिटांत पातेल्यात पिवळट पाणी एकीकडे आणि दुधाच्या गुठळ्या दुसरीकडे! पाहुण्यांपुढे तेच नेऊन ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी कपात डोकावून पाहिले आणि शांतपणे विचारले, "चहा छान झालाय. आता हा प्यायचा, का चमच्यानं खायचा?"

तेच पुढे माझे सासरे झाले. मुलाला स्वयंपाक येत नाही, म्हणजे तो घरात लुडबुड करणार नाही, असा हिशेब त्यांनी मांडला असावा.

गुळाच्या चहाची खुबी मला पत्नीने शिकवली. गुळात थोडी आंबट अंशाची द्रव्ये आणि क्षार असतात. त्यांच्याबरोबर दूध उकळले की ते फाटते. दूध शिळे असले तर मग विचारायलाच नको. म्हणून पाणी, पत्ती आणि गूळ आधी चांगले उकळून घ्यावेत, पातेले खाली उतरवावे आणि वेगळे तापवलेले ताजे दूध शेवटी सावकाश ओतावे. पुन्हा विस्तवावर ठेवू नये. आल्याचा तुकडा आणि परसातल्या गवती चहाची दोन पाती आधणातच टाकावीत. असा चहा जमला की साखरेचा चहा पोरकट वाटतो.

चाचांची शाळा

आमच्या जीपचे चालक नांदेडच्या देगलूर नाक्याकडचे. वयाने वडील, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांची बोली अस्सल दखनी. चहाच्या बाबतीत ते माझे गुरू. "साब, चाय कू जल्दी नक्को," हा त्यांचा पहिला धडा.

मराठवाडा 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्य गेले, पण चहाची वाट हैदराबादचीच राहिली. चाचांनी मला इराणी पद्धतीचा चहा कसा होतो ते भटारखान्यात नेऊन दाखवले. तिथे दोन पातेली असतात. एकात पत्तीचा अर्क झाकण लावून मंद आचेवर तासन्‌तास मुरत असतो. दुसऱ्यात दूध आटून दाट होत असते. कपात आधी अर्क आणि वरून दूध अशी दोघांची गाठ शेवटच्या क्षणी पडते. आपल्या घरचा चहा म्हणजे एका पातेल्यात सगळ्यांचे एकत्र कुटुंब, आणि इराणी चहा म्हणजे वेगळी राहून गोडीने वागणारी दोन भावंडे!

चाचांच्या मुलीच्या लग्नात बिर्याणी झाल्यावर लहान काचेच्या पेल्यांतून सुलेमानी चहा फिरला. त्यात दूध नाही. तांबूस चहा, साखर, वेलदोडा आणि वर लिंबाची फोड. लिंबू पिळताच चहाचा रंग माझ्या डोळ्यांदेखत फिका झाला. मी दचकलो. चाचा म्हणाले, "घबराव नक्को साब, लिंबू चाय का मुँह धो देता." आंबटपणाने चहातल्या रंगद्रव्यांचा रंग उतरतो हे शास्त्र मला ठाऊक होते, पण 'लिंबू चहाचे तोंड धुते' हे त्याहून बरे सांगणे झाले.

पंगतीतला चहा

नांदेडला यावे आणि लंगरात जाऊ नये, हे होत नाही. गुरू गोविंदसिंग 1708 साली याच गोदावरीकाठी निवर्तले. त्यांच्या स्थानावर उभ्या असलेल्या सचखंड श्री हजूर साहिबला साऱ्या देशातून यात्रेकरू येतात. 2008 साली त्रिशताब्दीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा मीही गर्दीत होतो. पहाटेची थंडी होती. पंगतीत बसलो. सेवेकरी आला आणि स्टीलच्या भांड्यात चहा ओतून पुढे गेला. बडीशेपेचा वास असलेला, भरपूर दुधाचा, गोड चहा. माझ्या डाव्या हाताला गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एक व्यापारी होता आणि उजव्या हाताला स्टेशनावरचा हमाल. भांडे सगळ्यांचे सारखे, चहाही एकाच कढईतला.

भांडे हातात घेतल्यावर मला एक कप आठवला. तो माझ्या वहीत नाही, कारण त्यातून मी कधी चहा प्यालो नाही.

माझ्या गावच्या पाराजवळ एक हॉटेल होते. हॉटेल म्हणजे पत्र्याचा आडोसा, दोन बाकडी आणि एक भट्टी. आडोशाबाहेर लिंबाच्या झाडाच्या बेचक्यात एक कान तुटलेला कप अडकवलेला असे. माझा एक वर्गमित्र होता, वेशीबाहेरच्या वस्तीतला. तो आणि मी शाळेतून बरोबर येत असू. मी बाकड्यावर बसायचो. तो झाडावरचा कप काढायचा, धुवायचा, पुढे धरायचा; मालक वरून चहा ओतायचा. पिऊन झाले की कप पुन्हा धुऊन तो तिथेच अडकवायचा. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा 1955 सालीच झाला होता. माझे हे दिवस त्यानंतरचे. कायदा पारापर्यंत पोचला होता. बेचक्यापर्यंत पोचायचा होता. मी एकदाही बाकड्यावरून उठलो नाही, की काही बोललो नाही.

कुणाच्या हातचा चहा कुणी प्यावा यावरून आपल्याकडे मोठमोठी माणसे अडचणीत आलेली आहेत. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी नामवंत मंडळींना नेले, तिथे चहा-बिस्किटे पुढे आली आणि मागाहून नावे वर्तमानपत्रात झळकली! लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले; प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांची चर्चा दोन वर्षे चालली. आज आपण ती हकीकत हसत वाचतो. बेचक्यातला कप आठवला की माझे हसू अर्ध्यावर थांबते.

कारण भानगड चहाची नसतेच. चहा हे गरम केलेले पाणी, आणि पाणी कुणाचे, हा आपला जुना प्रश्न.

पुढे नोकरीत असताना मोजणीच्या विहिरींच्या यादीत त्याच वस्तीतली एक विहीर आली. टेप गुंडाळून निघालो तर वर्गमित्राची आई दारात उभी. मला ओळखून म्हणाली, "साहेब झालास रं. चा ठिवलाय. पर घेतूस का आमच्यातला?" तिने फडताळातून नवाकोरा स्टीलचा पेला काढला, माझ्यासमोर पुन्हा धुतला आणि मी पेला तोंडाला लावेपर्यंत माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. चहा साधाच होता, साखर जरा जास्त. मी पेला रिकामा केला आणि धुण्यासाठी स्वतः रांजणाकडे गेलो. तिने तो हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "तुझं काम न्हाई त्ये." मला त्या पेल्याहून जड चहा अजून भेटलेला नाही.

लोण्याचा चहा आणि सोग्याने गाळलेला चहा

वाचकांना वाटेल, हा गृहस्थ गंभीर होऊ लागला. तर आता गमतीचा चहा सांगतो.

हिवाळ्यात आपल्या शहरांतून तिबेटी लोकांची स्वेटरची दुकाने लागतात. नांदेडच्या अशाच एका दुकानात मी मफलरचा भाव करीत होतो. विकणाऱ्या बाई मला थेट मराठीत म्हणाल्या, "घ्या जी भाऊ, रंग नाही जात याचा." मी थक्क झालो! चौकशी केली तर बाई गोंदिया जिल्ह्यातल्या. तिबेटी निर्वासितांची एक वसाहत तिथे 1972 सालापासून आहे. त्यांच्या थर्मासवर माझी नजर गेली आणि मफलर बाजूला राहिले.

त्यांनी मला लोण्याचा चहा दिला. दाबून विटेसारखा केलेला चहा खूप वेळ उकळायचा, त्यात लोणी आणि मीठ घालून घुसळायचे. पहिल्या घोटाला माझे तोंड जे झाले ते पाहून बाई खळखळून हसल्या. "चहा समजून नका पिऊ जी, सूप समजून प्या!" उपदेश बावनकशी होता. दुसरा घोट सूप म्हणून घेतला आणि तो खरोखरच आवडला. ज्या देशात हाडे गोठतात तिथे अंगात ऊब राहायला लोणी आणि मीठ हवेच. आपल्याकडे उन्हात घाम गाळून आलेला माणूस गोड चहा मागतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा चहा माळेगावच्या यात्रेतला. नांदेडहून लातूरकडे निघाले की लोह्याच्या पुढे खंडोबाचे माळेगाव लागते. मार्गशीर्षात तिथे यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल आणि त्यांच्यामागून माणसे! एका धनगराच्या पालात त्याने मला मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा फार दाट. चहा जिभेवर साय धरतो आणि त्याला लोकरीचा एक वास असतो, तो कितीही उकळला तरी जात नाही. गाळणे नव्हते. त्याने धोतराचा सोगा पुढे केला आणि त्यातूनच चहा गाळला. माझी नजर सोग्यावर खिळलेली पाहून म्हणाला, "सकाळीच धुतलाय, साहेब!" मी विश्वास ठेवला. चहाच्या बाबतीत विश्वास ठेवावाच लागतो.

पाणी मोजून वाढते का?

माळेगाव मागे टाकून अहमदपूर, चाकूर करीत लातूरकडे जाऊ लागलो की माझ्या दोन्ही वह्यांतली पाने बदलत. आमच्या पायाखालचा खडक काळा कातळ. पाणी मुरायचे ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. तेवढे संपले की खाली कोरडे. मग लोक बोअर घेतात आणि खोल जातात. खोलातले पाणी पुष्कळदा जड. जड पाण्याचा चहा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. कपावर एक पातळ, तपकिरी साय धरते आणि फुंकर मारली की तिला बर्फासारखे तडे जातात. पाण्यातला चुना चहातल्या द्रव्यांना धरतो, त्याची ती साय. रंग मळकट, चव बोथट. एकाच पुड्यातली पत्ती, नांदेडला गोदावरीच्या पाण्यात निराळी आणि लातूरच्या बोअरच्या पाण्यात निराळी.

चाकूरकडच्या एका गावात मोजणीची विहीर एका मावशींच्या शेतात होती. पहिल्या भेटीत त्यांनी विचारले, "पानी मोजाय आलाव व्हय? मोजा, मोजा! मोजून वाढलं तर आमाला बी सांगा." मी हसलो. त्या वर्षी टेप लवकर ओला झाला होता आणि चहा पितळी पेला भरून मिळाला होता, म्हशीच्या दुधाचा. पुढे दर वर्षी मी जात राहिलो. विहिरीभोवती ऊस आला, दोन बोअर आले, टेप खोल खोल जाऊ लागला. पेला जाऊन कप आला. म्हैस विकली, दूध पिशवीचे आले. एका मे महिन्यात टेपचे वजन तळाच्या दगडावर 'टक्' करून आपटले. डुबुक् झालेच नाही. मी वहीत 'कोरडी' असे लिहिले. मावशींनी कोरा चहा पुढे केला, अर्धी बशी. म्हणाल्या, "दूध न्हाई, साहेब. पर चा घेतल्याबिगर जायाचं न्हाई."

गुळाचा चहा मला आवडतो हे मी वर सांगितलेच आहे. तो गूळ त्या उसाचा आणि तो ऊस त्या विहिरीचा. हिशेब करायला बसलो तर माझ्या कपाखालीही थोडी विहीर सापडेल.

मिरजेचा चहा

आता शेवटचे पान. तारीख एप्रिल 2016. मी निवृत्त झालो होतो.

माझी धाकटी बहीण लातूरला, गंजगोलाईपासून थोड्या अंतरावर राहते. गोलाई म्हणजे लातूरचे काळीज. मधोमध देवीचे देऊळ, भोवती गोल बाजार आणि तिथून चहूकडे फुटणारे रस्ते. त्या वर्षी त्या रस्त्यांनी टँकर फिरत होते. मांजरा धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. कृष्णाकाठचे पाणी तीनशेच्या वर किलोमीटर रुळांवरून चालत आले. लोकांनी तिचे नाव ऐकले, 'जलदूत'.

मी नांदेडहून एस.टी.ने गेलो, तो पाण्याचा एक कॅन घेऊन. नांदेडलाही टंचाईच होती, पण आमच्या नळाला थोडेबहुत येत होते. दर भाऊबीजेला मी बहिणीला साडी नेतो. तिने कधी घडी मोडण्याआधी साडीवरून हात फिरवला नाही. त्या दिवशी तिने कॅनवरून हात फिरवला. "दादा, किती जड आणलास रे," म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळाने चहा आला. अर्धा कप. मी सवयीने फुंकर मारली, तर साय नाही! रंग तांबूस आणि स्वच्छ, तळ दिसावा असा. घोट घेतला. लातुरात मी इतका चांगला चहा कधी प्यालो नव्हतो. मी म्हणालो, "माझ्याच कॅनमधलं पाणी मोडलंस ना?"

"नाही रे. तुझं ठेवलंय प्यायला. हे टँकरचं, गाडीनं आलेलं. मिरजेचा चहा पितोयस तू!"

खाजगी वहीत त्या चहाला मी सगळ्यांत जास्त गुण द्यायला हवे होते. लेखणी उघडली आणि तशीच मिटली. चव उत्तम होती हे खरे. पण ज्या गावाच्या पाण्याचे आकडे मी उभ्या जन्मात लिहिले, त्या गावात चांगला चहा यायला आगगाडी लागावी! पत्नी त्या वहीला 'उधारीची वही' म्हणते ते मला तेव्हा पटले. इतक्या घरांनी मला चहा दिला तो आपल्या वाटच्या पाण्यातला. मी परत काय केले? आकडा लिहिला.

बहिणीने माझा कप उचलला आणि न विसळता त्यातच आपला चहा ओतून घेतला. कप विसळायला पाणी लागते.

त्याच वर्षी पाऊस झाला, मांजरेला पूर आला, आगगाडी थांबली. गेल्या भाऊबीजेला लातूरला गेलो तेव्हा चहावर पुन्हा ती ओळखीची तपकिरी साय होती. "आपल्या बोअरचं पाणी," बहीण म्हणाली. मी फुंकर मारली, सायीला तडे गेले आणि तळापर्यंत कप संपवला.

दिवाळीत वाचक घरोघर जातील. फराळाच्या ताटाबरोबर चहा येईलच. तो गुळाचा असो, लिंबाचा असो, फुटलेला असो, की कोरा असो. मराठवाड्यात आलात तर शेवटचा घोट कपात टाकू नका. तेवढे पाणी कुणीतरी कुठून तरी आणलेले असते.